रिकाम्या माळाचे रहिवासी

फाल्गुन लागला की लातूरच्या भुसार बाजारात हरभऱ्याची आवक वाढू लागते. तुरीचा जोर ओसरलेला असतो, करडई काढणीला येते आणि अडतीच्या पेढ्यांवर माणसांना दिवस पुरत नाही. अशा ऐन हंगामात सत्तरी ओलांडलेला एखादा अडतदार पेढीवर न जाता पहाटे पाच वाजता माळावर पक्षी पाहायला निघाला, तर बाजारात त्याची चर्चा होणारच. गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळाही रस्ते अजून झोपेत होते, तेव्हा शेठजींची मोटार नांदेडच्या दिशेने निघाली. सोबत कृषी महाविद्यालयात शिकणारी नात होती. चाकूरच्या फाट्यावर शाळेतले एक सर येऊन मिळाले. गळ्यात जुनी दुर्बीण, हातात वही आणि पायांत जाड बूट असलेले हे सर गेली वीस वर्षे या पट्ट्यातील पाखरांची नोंद ठेवीत आले आहेत.

या प्रवासाचे निमित्त मात्र पाखरांचे नव्हते. शेठजी ज्या न्यासाचे कोषाध्यक्ष आहेत, त्या न्यासाला गोशाळेसाठी अहमदपूरच्या बाजूला काही एकर माळ दान मिळालेला. गोशाळेची इमारत पुढे व्हायची होती. तत्पूर्वी उरलेल्या जागेवर दोन हजार झाडे लावावीत, प्रत्येक झाडाला दात्याच्या नावाची पाटी असावी, असे ठरले होते. खर्चाचा अंदाजपत्रक-कागद शेठजींच्या कोटाच्या खिशात होता आणि त्यावर फक्त त्यांची सही बाकी होती. नातीच्या ओळखीतून ही गोष्ट सरांच्या कानावर गेली. त्यांनी एवढेच सांगून पाठवले की, सही करण्यापूर्वी शेठजींनी एक दिवस त्या माळावर काढावा.

लातूरकरांना शेत अगदीच अपरिचित नाही. मार्गशीर्षातल्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, अर्धे शहर शेतात जाऊन भज्जी-आंबील जेवते. पण ते शेत असते. माळ हा निराळा. माळावर कोणी मुद्दाम जात नाही. त्याच्या कडेने जातात.

सूर्य उगवायला थोडा अवकाश असताना मोटार रस्ता सोडून गाडीवाटेवर थांबली. वडवळ नागनाथचे बेट दूर मागे काळसर दिसत होते. या भागात सपाटीतून एकट्याने उठलेल्या टेकडीला बेट म्हणतात. उदगीरकडचे हत्तीबेटही तसेच. वडवळचे बेट औषधी वनस्पतींसाठी वैद्यांना ठाऊक आहे. समोर मात्र ना बेट, ना झाड. गुडघ्याएवढे वाळलेले गवत, मधूनमधून मुरमाचे उघडे पट्टे, एखादी बोर, एखादी हिवराची काटेरी फांदी. कुसळीची कुसळे धोतराला चिकटू लागली, तेव्हा शेठजी हसून म्हणाले, “सर, पडीक जमीन दाखवायला एवढ्या पहाटे कशाला आणलंत?”

सर म्हणाले, “शेठजी, आधी पायाकडे पाहून चाला. मग बोलू.”

साधुसाध्वींच्या विहारात ईर्यासमितीचे पालन लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ही सूचना नवी नव्हती. चार हात पुढची जमीन पाहत, जीव पायाखाली येऊ न देता टाकलेले पाऊल. फरक इतकाच की सरांनी ती चाल कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नव्हती. या माळावर जे पक्षी राहतात, त्यांपैकी बहुतेकांचे घर जमिनीवर असते. झाडच नाही, तर घरटे कशावर बांधणार? त्यामुळे इथे चालणाऱ्याला खाली पाहावे लागते, नाहीतर एखाद्या कुटुंबाचा नाश त्याच्या नकळत होऊन जातो.

पूर्व तांबूस झाली आणि गवतातून आवाज सुरू झाले. पहिला आवाज तित्तिराचा, मग दुरून दुसऱ्या तित्तिराचे उत्तर. एक चिमणीएवढा काळ्या पोटाचा पक्षी सरळ वर चढला, पंख मिटून दगडासारखा खाली आला, जमिनीवर आपटणार असे वाटत असतानाच पुन्हा वर गेला, आणि शीळ घालीत हा खेळ त्याने सात-आठ वेळा केला. त्याला डोंबारी म्हणतात. नाव ज्याने ठेवले त्याने तारेवर चालणारा डोंबारी नक्कीच पाहिला असला पाहिजे. मादीचे लक्ष वेधण्यासाठी नर ही कसरत करतो आणि माघ-फाल्गुनापासूनच त्याचा विणीचा काळ सुरू होतो. पंचांगात वसंत चैत्रात येतो. माळावर तो आधीच आलेला असतो.

आपल्या भाषेतील पक्ष्यांची नावे हा एक वेगळाच आनंद आहे. कापसासारख्या पांढऱ्या पोटाची ती कापशी, थांबून थांबून धावणारा तो धाविक, शेपूट हलवीत फिरणारा धोबी, उगीच गिरक्या घेणारा वेडा राघू. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त अशी नावे मोठ्या कष्टाने एकत्र केली. शेठजींना त्यातील एकच नाव रुचले नाही. बोरीच्या शेंड्यावर बसलेल्या, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेल्या पक्ष्याचे नाव सरांनी खाटीक असे सांगितले. तो भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो, म्हणून हे नाव. “सकाळच्या पहिल्या प्रहरी हे नाव कशाला?” असे म्हणून त्यांनी दुर्बीण दुसरीकडे वळवली.

ती वळली आणि भोवत्यावर स्थिरावली. गवताच्या शेंड्यांपासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर धरून, आवाज न करता तो तरंगत होता. राखी रंग, पंखांची टोके काळी. हा माँटेग्यूचा भोवत्या. हिवाळ्यात तो मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतो, दिवसभर माळावर आणि शेतांवर घिरट्या घालतो, आणि रात्री झाडावर नव्हे, उंच गवतात जमिनीवर झोपतो. काही ठिकाणी अशा रात्रीच्या मुक्कामाला अनेक भोवते एकत्र जमतात. या माळावर सरांनी मागच्या हिवाळ्यात अकरा मोजले होते. दहा वर्षांपूर्वीच्या वहीत छत्तीसचा आकडा आहे. भोवत्याचे मुख्य अन्न नाकतोडे. शेजारच्या शिवारातल्या तुरी-सोयाबीनला त्याचा उपकारच होतो, पण खतावणीत ही रक्कम कोणाच्याच नावे जमा होत नाही.

“पण दादाजी, तो चंडोलाची पिल्लंही खातो,” नात म्हणाली.

शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. तिर्यंच गतीतील जीवाला आहाराचा विवेक नसतो. विवेकाची जबाबदारी मनुष्यगतीत आलेल्याची. हे त्यांनी प्रवचनांत अनेकदा ऐकले होते. “तो खातो ते त्याच्या कर्माचं,” ते म्हणाले, “आपण काय करतो ते आपल्या.”

सूर्योदयानंतर दोन घटिका होईपर्यंत शेठजी पाणीही घेत नाहीत. नवकारशीचे पच्चक्खाण पाळून त्यांनी गाळलेल्या पाण्याचा पेला हाती घेतला, तेवढ्यात उजवीकडच्या खळग्यातील उथळ पाण्याकडे पाखरांचा एक लहानसा थवा वेगाने उतरला. त्या पखुर्ड्या होत्या. मातीच्या रंगाच्या, कबुतराएवढ्या, कोरडे बी खाऊन जगणाऱ्या. म्हणूनच त्यांना रोज पाण्यावर यावे लागते. पिल्ले झाली की नर पाण्यात पोट बुडवून उभा राहतो. त्याच्या पोटावरची पिसे पाणी शोषून धरतात, आणि कित्येक किलोमीटर उडून तो ते दोन चमचे पाणी पिल्लांपाशी नेतो; पिल्ले बापाच्या पिसांतून चोचीने पाणी ओढून पितात. शेठजींनी हातातला पेला तसाच धरून हे ऐकले. पाणपोया घालणाऱ्या घराण्यातील माणसाला ही हकीकत लागली असल्यास नवल नाही.

मग ते त्या जागेवर आले. कंत्राटदाराने आराखड्यासाठी चुन्याच्या रेषा आखून ठेवल्या होत्या. दर तीन मीटरवर एक फुली. वाळलेल्या गवतातून त्या पांढऱ्या रेषा दूरपर्यंत गेलेल्या. सर एका ठिकाणी थांबले आणि सगळ्यांना दहा पावले मागेच उभे केले. दुर्बिणीतून पाहिल्यावरच दिसले: एका ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढा खळगा, कडेला मांडलेले बारीक खडे, आत दोन ठिपकेदार अंडी. डोंबाऱ्याचे घरटे. चुन्याची फुली तिथून जेमतेम वीतभर अंतरावर होती.

“खड्डे आत्ता नाही, मे महिन्यात खणायचे आहेत,” शेठजी म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडी सुटका होती.

“मे महिन्यात माळटिटवीची अंडी असतात, धाविकाची असतात,” सर म्हणाले. “त्या तर खळगाही नीट करीत नाहीत. उघड्या मुरमावर अंडी. मजुराला ती दिसणारसुद्धा नाहीत. पहार टाकली की संपलं.”

इथे शेठजींची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लातूरच्या प्रत्येक समंजस माणसाची बाजू आहे. या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ या शहरावर आली. ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा ते पाहायला स्थानकावर गर्दी झाली होती. ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरीमागे घागर मोजली, त्यांच्या मनात झाड म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे जीवन हे समीकरण पक्के झाले. त्यानंतर राज्यभर वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ मध्ये तर तेहतीस कोटींचे उद्दिष्ट होते. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे याविषयी कोणाचे दुमत नव्हते आणि नाही. शेठजींनी हे सारे सरांना शांतपणे ऐकवले.

सरांनी खाली बसून बोटाने माती उकरली. पेरभर खाली मुरूम लागला. बालाघाटच्या या पठारावर काळ्या खडकावर मातीचा थर कुठे हातभर, कुठे वीतभर. अशा जागी निसर्गानेच गवत ठेवले आहे. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी यांच्या मुळांचे जाळे एवढ्या पातळ थरालाही धरून ठेवते आणि पावसाचे पाणी वाहून न देता मुरवते. हजारो वर्षे जिथे गवतच आहे, तिथे झाड नाही म्हणून ती जागा उजाड ठरत नाही. “ओढ्याकाठी लावा, शाळेत लावा, रस्त्याच्या दुतर्फा लावा, लातूर शहरात तर जितकी लावाल तितकी थोडी,” सर म्हणाले. “फक्त इथे नको.”

या गैरसमजाचे मूळ जुने आहे. ज्या जमिनीतून महसूल मिळत नाही ती पडीक, अशी विभागणी पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी केली आणि ती आपल्या कागदांत राहून गेली. आजही सरकारी नकाशात पुष्कळसा गवताळ प्रदेश पडीक जमिनीच्या सदरात मोडतो. ताळेबंदात ज्या मालमत्तेची किंमत शून्य दाखवलेली असते, ती कोणालाही देऊन टाकायला मन कचरत नाही. वास्तविक पाहता त्या काळच्याच काही अधिकाऱ्यांची दृष्टी अधिक सूक्ष्म होती. कर्नल सायक्स यांनी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी केली; माणसे, पिके, भाव यांचे आकडे गोळा करता करता त्यांनी पक्षीही नोंदवले आणि १८३२ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली. माळावर तुरा उभारून गाणाऱ्या एका तांबूस चंडोलाला आज त्यांच्या नावाने सायक्सचा चंडोल म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘देवा’ असा शब्द आहे. हा चंडोल भारताबाहेर कोठेही आढळत नाही. पुढे मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या-आपल्या अभ्यासकांना जी जमीन भरलेली दिसली, ती आपल्याला रिकामी दिसते.

माळ गेला की काय जाते, याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यात आहे. नान्नजच्या गवतात माळढोक होते. मोरासारखा मोठा, उंच मानेचा, भारतातील सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर चालणारा संसार एका पहारीने किंवा एका विजेच्या तारेने बुडतो.

दहाच्या सुमारास एक गुराखी आठ-दहा जनावरे घेऊन आला. त्यांत चार पांढऱ्या, काळे ठिपके असलेल्या देवणी गाई होत्या, बाकीची लाल कंधारी. या दोन्ही जाती याच भूमीच्या. एकीला लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे नाव, दुसरीला नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे. गोशाळेची गोष्ट निघाली, तेव्हा काठीवर हनुवटी टेकवून तो म्हणाला, “मालक, गाया बांधायच्यात का झाडं? झाडं मोठी झाली की खाली गवत येत नाही. आन् कागदात उंदीरमारी लावायची म्हंत्यात. तिला इथं कोन तोंड लावतंय?”

उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प. अंदाजपत्रकात दोन हजारांपैकी आठशे झाडे गिरिपुष्पाची होती, लवकर वाढतात म्हणून. शेठजींनी कागद काढून तो आकडा पुन्हा पाहिला. गोशाळेला वर्षाकाठी चारा किती लागेल याचा हिशेब त्याच कागदाच्या मागे त्यांच्याच अक्षरात होता, आणि तो सगळा चारा विकत घ्यावयाचा धरला होता.

गुराख्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या लहानपणी जनावर मेले की आभाळातून गिधाडे उतरायची. आता कुत्री येतात. त्याला कारण ठाऊक नव्हते, सरांनी ते सांगितले. गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. गोशाळा, पांजरपोळ चालवणाऱ्या विश्वस्तांनी आपल्या औषधांच्या कपाटात एकदा डोकावायला हरकत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या कर्त्या आचार्यांना गृद्धपिच्छ हे नाव परंपरेने दिले आहे. गिधाडाच्या पिसांची पिच्छी त्यांनी वापरली म्हणून. ती पिच्छी आज कोणाला करायची झाली तर पीस कुठून आणणार, हा प्रश्नच आहे.

उन्ह तापल्यावर माळ मुका होतो. मग मोटार नांदेडकडे निघाली. वाटेत माळेगाव लागले. इथल्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी बैलांपासून घोडे-गाढवांपर्यंत जनावरांचा मोठा बाजार भरतो. आता मैदान सुने होते. लोह्यावरून कंधारला पोहोचेपर्यंत दुपार झाली.

कंधारचा भुईकोट किल्ला आणि भोवतालचा खंदक सर्वांना माहीत असतो, पण गावाजवळचा जलाशय पाहायला थोडेच जातात. तो राष्ट्रकूटांचा. त्याचे जगत्तुंग हे नाव कंधारच्या शिलालेखात येते, आणि जगत्तुंग ही तिसऱ्या गोविंदाची पदवी. त्याचा पुत्र अमोघवर्ष हा जिनसेनाचार्यांचा भक्त. त्याच्या काळात धवला-जयधवलेसारख्या टीका पूर्ण झाल्या, महावीराचार्यांनी गणिताचा ग्रंथ लिहिला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे इतिहासकार मानतात. म्हणजे सकाळी सोडलेले गाव आणि दुपारचे हे पाणी एकाच घराण्याच्या नावाने बांधलेले आहे. हे शेठजींना नातीने सांगितले, आणि ते त्यांना नवे होते.

पाण्यावर वारकरी होते. काळे अंग, कपाळी पांढरा टिळा. हळदी-कुंकू बदके होती, चोचीवर खरोखरच पिवळा आणि तांबडा ठिपका. काठाशी शेकाट्या लांब पायांवर तोल सांभाळीत होत्या. आणि पलीकडच्या कोरड्या काठावर केशरी रंगाची एक जोडी बसलेली दिसली. सरांनी सांगितले, चक्रवाक. हिमालयापलीकडून हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा लागताच परततात. ही जोडी आता काही दिवसांचीच पाहुणी.

शेठजींनी दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ भगवान यांचे लांछन दिगंबर परंपरेत चकवा आणि श्वेतांबर परंपरेत क्रौंच सांगितले आहे. मूर्तीच्या पायाशी कोरलेले ते लहानसे पाखरू त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ते जिवंत, पाण्याकाठी, मान पाठीत खुपसून झोपलेले असेल असे कधी मनात आले नव्हते.

क्रौंचावरून त्यांना आपले मूळ गाव आठवले. त्यांचे पणजोबा फलोदीच्या बाजूने इकडे आले. तिथून जवळच खीचन आहे, जिथे हिवाळ्यात हजारो कुरजा, म्हणजे करकोच्याच्या कुळातले ते क्रौंच, उतरतात. गावच्या जैन व्यापारी कुटुंबांनी त्यांना दाणे घालण्याचा नेम कित्येक दशके चालवला आहे. त्यासाठी गावात खास चुग्गाघर आहे. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. “आमच्या लोकांनी पाखरं जपली नाहीत असं म्हणू नका,” शेठजी सरांना म्हणाले, आणि ते खरेच होते. दिल्लीच्या लाल मंदिरातले पक्ष्यांचे रुग्णालय तर जगाला ठाऊक आहे. पण दाणे टाकताना हात दिसतो, रुग्णालयावर नाव दिसते. नुसती जमीन जशी आहे तशी राहू दिली, तर दान कुठे दिसणार? हा प्रश्न शेठजींनी उघड विचारला नाही. त्यांनी एवढेच म्हटले की, गवताला पाटी कशी लावायची.

परतीच्या वाटेवर मावळतीपूर्वी डबे उघडण्यात आले. थेपले, सुकी भाजी, खाकरे. चौविहार असल्यामुळे सूर्य बुडण्याआधी पाणीही उरकले, आणि मग माळाच्या कडेला, ज्वारीच्या एका शेताच्या बांधावर सगळे येऊन उभे राहिले. दिवसाचा जो शेवटचा देखावा दाखवायचा असे सरांच्या मनात होते, त्याची वेळ झाली होती.

शेतकरी मचाणावर उभा राहून गोफण फिरवीत होता. भोरड्या उतरल्या की एका दुपारीत कणसे रिकामी होतात, हे त्याचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. धान्याचा व्यापार करणाऱ्याला ते समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण याच भोरड्या हिवाळाभर हरभऱ्यातली घाटेअळी वेचतात. पिकात पक्षीथांबे उभे करा असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात तो अशाच पाखरांसाठी. आता लवकरच त्या मध्य आशियाकडे निघतील. तिकडे त्या टोळ खातात, इतके की चीनच्या शिनज्यांग प्रांतात त्यांनी यावे म्हणून दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली जाते. एका देशात गोफण, दुसऱ्या देशात घरकुल, पाखरू तेच.

पश्चिमेला पळसाची चार-पाच झाडे पेटल्यासारखी फुललेली. त्यांच्या माथ्यावर प्रथम धुरासारखा एक पट्टा दिसला. तो जवळ आला, पसरला, आवळला, काळा झाला, वळताना एकदम गुलाबी झाला. हजारो पाखरे, आणि एकही दुसऱ्याला धडकत नव्हते. पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा डोक्यावरून गेला. शेतकऱ्यानेही गोफण खाली घेतली. तळ्याकाठच्या बाभळीवर ढग तीन वेळा उतरला आणि उठला. चौथ्यांदा बसला तो बसलाच. मग पंधरा-वीस मिनिटे नुसता कलकलाट, आणि अंधाराबरोबर शांतता. त्याच वेळी माळावर, चुन्याच्या रेषांच्या पलीकडे, दोन भोवते गवताच्या शेंड्यांवरून आले आणि जमिनीवर उतरून दिसेनासे झाले.

मोटारीत बसल्यावर शेठजींनी न्यासाच्या चिटणिसांना फोन लावला. खड्ड्यांचे काम तूर्त थांबवावे, जागा बदलता येईल का ते पाहावे, आणि माळावर कुरण राखून चारा कापण्याचा विचार बैठकीत ठेवावा, असे ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले. सोळाशे दात्यांची वर्गणी जमा झाली होती. पाट्या रंगवून तयार होत्या. त्यांत शेठजींच्या मातोश्रींच्या नावाचीही एक होती.

“पाट्या राहू द्या,” शेठजी म्हणाले. “ओढ्याच्या काठाला किती झाडं बसतील, ते मोजून घ्या.” चिटणीस म्हणाले, तीनशेच्या वर नाहीत.

बैठक रविवारी होती. अंदाजपत्रक खिशातच राहिले. चाकूरच्या फाट्यावर सर उतरले, तेव्हा शेठजींनी त्यांना रविवारी वही घेऊन लातूरला यायला सांगितले. छत्तीस आणि अकरा हे आकडे विश्वस्तांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावेत, असे त्यांना वाटले. नात मागच्या आसनावर दादाजींच्या धोतरातली कुसळे एकेक करून काढीत होती.